थेंबातलं दार

पाण्याच्या थेंबासाठी भिंगकाकांकडे जेवढा धीर होता, त्याच्या पावपटही माणसांसाठी नव्हता, असं त्यांची बायको म्हणायची. म्हणायची हसत, पण चारचौघांत म्हणायची, आणि काका ते ऐकून असे खूश व्हायचे की जणू कुणी पाठ थोपटलीय.

त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. खाली दुकान, वर घर. चाळीस वर्षं त्यांनी लोकांना भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं वाचायला लावली, शेवटची ओळ पाठ करून येणाऱ्यांना पकडलं, काचा घासल्या, नाकावर चष्मा नीट बसेपर्यंत दांड्या वाकवल्या. गिऱ्हाईक म्हणालं की, "आता कसं स्वच्छ दिसतंय," तर काका म्हणत, "ते आधीपासून तिथंच होतं, तुम्हीच उशिरा आलात." हा त्यांचा ठरलेला विनोद. गल्लीत सगळे त्यांना भिंगकाकाच म्हणत. खरं नाव फक्त पोस्टमनला ठाऊक असावं.

फोटोंचं वेड लागलं ते तिशीनंतर, आणि लागलं ते एकाच वस्तूचं. वरच्या मजल्यावर मागच्या खोलीत एक टेबल होतं. टेबलावर स्टँड, स्टँडला आडवी बारीक तार, आणि तारेच्या टोकाला सिरिंजने सोडलेला एक थेंब, पडायच्या बेतात असलेला पण न पडलेला. अलीकडे कॅमेरा, त्याला मुंगी म्हशीएवढी करून दाखवणारं भिंग. थेंबाच्या पलीकडे खोलीचं उघडं दार. थेंब हाही एक भिंगच असतो. आपल्या मागे जे असेल ते उलटं करून तो पोटात घेतो. त्यामुळे काकांच्या प्रत्येक थेंबात ते दार, त्यापलीकडची पडवीएवढी मोकळी जागा आणि तिथल्या खिडकीचा उजेड असं सगळं डोकं खाली करून टांगलेलं असे.

एवढ्यावर भागलं असतं तर कोण काय म्हणणार होतं? पण काकांना थेंब चपटा नको होता, बोटावर घ्यावासा वाटेल असा गोल हवा होता. त्यासाठी एकाच थेंबाचे दोन फोटो लागतात. आपले दोन डोळे एकच वस्तू किंचित वेगळ्या जागांवरून बघतात, तसं आधी डाव्या डोळ्याचा फोटो काढायचा, मग स्क्रू फिरवून कॅमेरा केसभर सरकवायचा आणि उजव्या डोळ्याचा काढायचा. दोन्ही फोटो पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी चिकटवायचे आणि दोन भिंगांच्या लाकडी पेटीतून बघायचे. पेटी काकांनी घरीच केली होती, दुकानातल्या उरलेल्या काचांची. डोळे लावले की पहिल्यांदा दोन थेंब दिसतात. मग डोळे सैल सोडायचे. थेंब एकमेकांकडे सरकतात, एकमेकांत मिसळतात आणि अचानक समोर पाण्याचा एकच टपोरा गोळा उभा राहतो. पाहुण्यांचे हात आपोआप पुढे जात. तेवढ्यासाठी तर काका जगत.

यात एक मेख होती. दोन फोटोंच्या मध्ये दहा-पंधरा सेकंद जात. तेवढ्यात काही हललं की डोळे फसत. हललेली वस्तू आपली जागा सोडून कुठेतरी पुढे नाहीतर मागे अधांतरी तरंगताना दिसे. त्यात घराची जमीन लाकडी फळ्यांची. स्वयंपाकघरात कुणी चाललं तरी इथे थेंब थरथरे, आणि नाजूक असला तर पडेच. म्हणून काकांनी घराला शिस्त लावली होती: थेंब लटकत असताना कुणी चालायचं नाही, कुणी हाक मारायची नाही. कुणाची चाहूल लागलीच तर कॅमेऱ्यावरचा डोळा न उचलता ते डावा हात वर करत, पंजा उघडा. तो पंजा दिसला की आख्खं घर जागच्या जागी. बायको हातात उकळतं भांडं घेऊनही उभी राही. एकदा मेव्हणे जिन्यात एक पाय वरच्या पायरीवर ठेवून तीन मिनिटं थांबले होते, आणि पुढे कित्येक वर्षं तेच सांगत फिरले.

लेक मात्र या सगळ्याला कंटाळलेली. तिचा डावा डोळा जन्मापासून आळशी. चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी बांधायची असते, म्हणजे आळशी डोळा कामाला लागतो. काकांनी बांधली, तिने काढून फेकली, काकांनी पुन्हा बांधली, तिने रडून घर डोक्यावर घेतलं, आणि एक दिवस काकांनीच हात टेकले. चष्मेवाल्याच्या पोरीचा डोळा तसाच राहिला. तिला पेटीतून कधीच गोल थेंब दिसला नाही. तिला दिसायचा फक्त उजवीकडचा चपटा फोटो. "छान आहे," म्हणून ती पेटी परत द्यायची. मोठी झाली, लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेली, औषधांच्या दुकानात कामाला लागली. आईकडे रोज यायची, मागच्या खोलीत क्वचित.

चार वर्षांपूर्वीच्या थंडीतली एक दुपार. त्या दिवशी थेंब असा काही धरला होता की काकांनी सकाळपासून दुकान उघडलंच नाही. चार वाजून दहा मिनिटांनी त्यांनी एक जोडी काढली. वेळ नक्की, कारण प्रत्येक पुठ्ठ्यामागे तारीख, वेळ आणि भिंगाचा नंबर लिहायची त्यांची सवय. त्या वेळी कॅमेऱ्यातून बघताना थेंबातल्या उलट्या दारात एक पिवळा ठिपका आला. फळी किंचित करकरली. काकांनी पंजा वर केला. आणि त्यांच्या मनात आलं, वा, काय रंग आलाय. थेंबाला जीव आला एकदम. त्यांनी पहिला फोटो काढला, स्क्रू फिरवला, दुसरा काढला. मग आणखी चार जोड्या काढल्या. ठिपका गेला होता, पण उजेड चांगला होता.

पाच वाजून गेल्यावर चहा मिळेल का बघायला ते स्वयंपाकघरात गेले. बायको टेबलाशी खुर्चीवर बसली होती, डोकं भिंतीला टेकून. डुलकी लागली असेल असं वाटून त्यांनी स्वतःच चहा टाकला. साखरेचा डबा सापडेना म्हणून तिला विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना त्यांना कळलं की आपण कधीपासून एकटेच बोलतोय. डॉक्टर म्हणाले हृदय, आणि म्हणाले, तास तरी झाला असेल.

दिवसपाणी आटोपल्यावर महिनाभराने काकांनी त्या दिवसाचे फोटो छापून आणले, चिकटवले, आणि चार-दहाची जोडी पेटीत घातली.

थेंब गोल झाला. थेंबाच्या पोटात दार उलटं लटकलं. आणि बायकोचा पिवळा स्वेटर दारात राहिला नाही. दोन फोटोंच्या मध्ये ती जराशी कलली होती, त्यामुळे ती दार सोडून, थेंबाचं पोट सोडून बाहेर आली होती आणि काकांचे डोळे नि थेंब यांच्या मधोमध हवेत उभी होती. उभी म्हणजे डोकं खाली. काकांनी पुठ्ठा उलटा फिरवला. ही जोडी उलटी धरली तरी पुढचं पुढेच राहतं, मागचं मागेच. ते तर त्यांनीच लोकांना शिकवलेलं. आता थेंब जमिनीतून उगवल्यासारखा आणि त्याच्या अलीकडे बायको सरळ उभी. नखाएवढी, चेहऱ्याच्या जागी धुरकट डाग, पण अंगावर तिचाच पिवळा स्वेटर. ती त्यांच्याकडे येत होती. फोटोच तो, तिथल्या तिथेच होती, पण येत होती.

काका तिथंच ओक्साबोक्शी रडले. रडू ओसरल्यावर त्यांना जे कळलं ते रडण्यापलीकडचं होतं. तिला बरं वाटत नव्हतं. ती मदत मागायला आली होती. मी हात वर केला. ती थांबली. ती काही बोलली नाही, कारण मीच तिला तीस वर्षं तसं शिकवलं होतं. मी फक्त मान वर करायची होती, ती समोरच होती.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मेव्हण्यांना नाही, लेकीला तर नाहीच. लेक आधीच तुटल्यासारखी झाली होती. यायची, डबा ठेवायची, औषधं मोजून द्यायची आणि जायची. मागच्या खोलीचा उंबरा तिने आईनंतर एकदाही ओलांडला नाही. काकांना वाटे, तिने मनातून आपल्याला ओळखलंय आणि ती त्या खोलीवर डूख धरून आहे. त्यात तिचं काय चुकलं?

रोज दुपारी चार वाजता ते दुकानाचं दार ओढून घेत, वर येत आणि पेटीला डोळे लावत. बायको यायची. सुरुवातीला ते नुसतं बघत. मग बोलायला लागले. आज कोण आलं, कुणाचा नंबर वाढला, जिन्याचा दिवा पुन्हा गेला. आणि रोज शेवटी एकच प्रश्न: "अगं, तू हाक का नाही मारलीस?" कधी हा प्रश्न विनवणीचा असे, कधी चक्क भांडणाचा. "तोंड नव्हतं का तुला? थेंब गेला असता तर गेला असता, मी काय खाल्लं असतं का तुला?" धुरकट डाग काही बोलत नसे. पण कधी कधी पेटी बाजूला ठेवल्यावरही दारात पिवळं काहीतरी आहे असं वाटून त्यांच्या अंगावर काटा यायचा, आणि ते भीतीने नाही, आशेने वळून बघायचे. दार रिकामं. शहाण्या माणसाचं असं होऊ नये, पण झालं होतं.

या हिवाळ्यात एक दिवस तक्त्याच्या चौथ्या ओळीतलं मधलं अक्षर त्यांना दिसेना. डावा डोळा झाकला तेव्हाच दिसेना. काकांनी दुसरा तक्ता लावला, काचा बदलल्या, आणि मग बदलायचं थांबवलं. उजव्या डोळ्याच्या पडद्यावर मधोमध डाग पडला होता. याला नंबर नसतो, हे त्यांनी इतरांना किती वेळा हळू आवाजात सांगितलं होतं. डाग महिन्यागणिक पसरत गेला. पेटीत थेंब अजून गोल व्हायचा, पण कुठेतरी फाटल्यासारखा. आणि बायको कधी यायची, कधी अर्धीच यायची, कधी चपटी होऊन दारातच राहायची. काकांनी हिशोब केला तो सरळ होता. एक डोळा गेला की दोन फोटो कायमचे दोनच राहणार. ती पुन्हा त्या दारातून बाहेर येणार नाही. आणि त्या दिवशी ती काय सांगायला आली होती, हे आपण न कळताच मरणार.

डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ पाचची होती. लेक साडेचारला येते म्हणाली होती, ती चारलाच आली. खाली दुकान बंद, वर स्वयंपाकघरात कुणी नाही. ती मागच्या खोलीपर्यंत आली आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिली. बाबा पेटीला डोळे लावून बसले होते आणि कुणाशी तरी बोलत होते.

"बाबा, निघायचं ना?"

काका दचकले. लपवाछपवीचं वय आणि बळ दोन्ही गेलं होतं. त्यांनी तिला आत बोलावलं. ती येईना. मग त्यांनी तिथूनच सांगितलं, पेटी मांडीवर धरून, एका दमात. चार-दहाची वेळ, पिवळा ठिपका, वर केलेला हात. रंग छान आलाय असं आपल्याला वाटलं होतं, हेही सांगितलं. तेच सांगताना जीभ सगळ्यांत जास्त अडखळली. "तुझी आई दारात आली होती गं. मी मान वर केली नाही. आता हा डोळा चाललाय. मला तुझ्याकडून एवढंच हवंय, हे एकदा बघ. तिचा हात कुठे आहे बघ. छातीवर आहे का? तिला दुखत होतं का? मला दोन्ही मिळून आता नीट दिसत नाही."

लेक आत आली. चार वर्षांनी त्या खोलीतल्या फळ्या तिच्या पायाखाली वाजल्या. तिने पुठ्ठा पेटीतून बाहेर काढला. पेटीचा तिला तसाही उपयोग नव्हता. टेबलावरचं हातात धरायचं भिंग घेऊन ती खिडकीशी गेली आणि तिने उजव्या डोळ्याने आधी डावा फोटो बघितला, मग उजवा. दोन वेगवेगळे फोटो बघावेत तसे, एकापाठोपाठ एक. मग पुन्हा पहिला. काका तिच्या तोंडाकडे बघत राहिले, निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखे.

"ही आई नाहीये, बाबा," ती म्हणाली. "ही मी आहे."

काकांना वाटलं तिला नीट दिसलं नाही. त्यांनी स्वेटरचं सांगितलं.

"स्वेटर आईचाच आहे. तिला घाम फुटला होता. तिने अंगातला काढला आणि मला घातला. बाहेरून गारठून आलीस म्हणाली." लेकीने पुठ्ठा टेबलावर पालथा ठेवला. "खांद्याला माझी पर्स आहे बघा. पट्टा दिसतोय."

मग तिनेही सांगितलं, उभ्या उभ्या, खिडकीबाहेर बघत. आईने औषधांच्या दुकानात फोन केला होता, जरा कसंतरी होतंय म्हणून. ती अर्ध्या तासाची सुट्टी मागून आली. आई म्हणाली पित्त असेल. लेकीने तिला पित्ताचं औषध दिलं, पाणी दिलं. तरी तिला चैन पडेना, म्हणून ती बाबांना बोलवायला मागच्या खोलीकडे आली. त्यांचा हात वर गेला. ती चौकटीला टेकून उभी राहिली. एक फोटो झाला, दुसरा झाला, बाबांनी मान वर केली नाही. दुकानात परत जायची वेळ होत आली होती. ती आल्या पावली परत गेली, आईच्या शेजारी दोन मिनिटं बसली, स्वेटर काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि कामावर निघून गेली. तासाभरात बाबांचाच फोन आला.

"मी औषधांच्या दुकानात आहे, बाबा. घाम, कसंतरी होणं. लोक काउंटरवर येऊन असं सांगतात तेव्हा मी त्यांना सरळ डॉक्टरकडे पाठवते. आणि आईला पित्ताचं औषध देऊन निघाले. हे मी कुणाला सांगू?"

काकांना धक्का बसला तो असा की आधी काहीच वाटेना. त्यांनी सवयीने पुठ्ठा उचलला, पेटीत घातला, डोळे लावले. डागाच्या कडेकडेने थेंब कसाबसा गोल झाला आणि त्याच्या अलीकडे पिवळी आकृती आली. खांद्यावरून एक काळी रेघ उतरत होती. चार वर्षं तीही तिथंच होती. चार वर्षं ते रोज दुपारी आपल्या लेकीला विचारत होते, हाक का नाही मारलीस. आणि लेक दोन गल्ल्या पलीकडे गोळ्या मोजत स्वतःला तेच विचारत होती. बायको त्या फोटोत कधी नव्हतीच. ती भिंतीपलीकडे खुर्चीवर होती, जिवंत होती, आणि तिचा फोटो कुणी काढला नव्हता. बायको एकदा गेली होती ती गेलीच होती, पण आज पुन्हा गेली, आणि या वेळी ती कुठल्या दाराने गेली तेही काकांना कळलं नाही.

त्यांनी पेटी खाली ठेवली. आणि मग त्यांना एक गोष्ट सुचली. म्हणजे तिच्याशी शेवटचं बोलणारं माणूस समोर उभं होतं.

"तू परत गेलीस तेव्हा ती काय म्हणाली?"

लेक खिडकीकडे वळली. काकांनी पुन्हा विचारलं.

"तिने विचारलं, त्यांनी बघितलं का तुला?"

"मग?"

"तुम्ही बघितलं नाही असं तिला कसं सांगणार होते मी." ती आता त्यांच्याकडे वळली. "मी म्हटलं, हो. येतायत."

काका टेबलाला धरून उठले. लेकीच्या डोक्यावरून त्यांनी हात फिरवला, तिची पट्टी काढल्यावर लहानपणी फिरवत तसा, आणि तिचं मनगट धरून चालू लागले. डॉक्टरांची वेळ होत आली होती. तिने जिन्याकडे बघितलं, पण ते जिन्याकडे वळले नाहीत. फळ्या मोठ्याने करकरत होत्या. स्वयंपाकघरात टेबल होतं, भिंतीशी ती खुर्ची होती. काकांनी तिच्या शेजारची दुसरी खुर्ची ओढली आणि खाली बसले.

"आलो गं," ते म्हणाले.